पऱ्हाटी कुणाचा कचरा?

विदर्भातल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत एक प्रयोग कित्येक वर्षांपासून पुन्हा पुन्हा होत आला आहे. बाभळीची साल, निंबाचा पाला, संत्र्याची साल, तुराटी नाहीतर पऱ्हाटी घ्यायची. ती वाळवून, झाकणबंद भांड्यात, हवा लागू न देता भाजायची. कोळसा झाला की तो अॅसिडात नाहीतर झिंक क्लोराइडच्या पाण्यात भिजवून पुन्हा तापवायचा, धुवायचा, कुटून चाळायचा. मग काचेच्या बाटलीत निळे पाणी घेऊन त्यात चिमूटभर कोळसा टाकायचा आणि बाटली तास-दोन तास हलवायची. गाळल्यावर खाली येते ते नितळ पाणी. यंत्रावर आकडा दिसतो : नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के रंग गेला. लगेच शोधनिबंध इंग्रजीत तयार होतो. मथळ्यात तीन शब्द हमखास असतात : ‘शेतीतला कचरा’, ‘कमी खर्चाचा’ आणि ‘अॅक्टिव्हेटेड कार्बन’.

आम्ही या प्रयोगाची टिंगल करणार नाही. त्यातले विज्ञान खरे आहे आणि जुनेही आहे. कोळसा पाण्यातला रंग ओढून घेतो हे अठराव्या शतकाच्या शेवटी रशियात काम करणाऱ्या लोविट्झ या औषधनिर्मात्याने दाखवले होते. पुढे साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरला गेला आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचण्याच्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला गेला. चांगल्या अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये इतकी बारीक छिद्रे असतात की त्यांचा आतला सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर तो हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. हजार चौरस मीटर म्हणजे पाव एकर. चिमूटभर भुकटीत पाव एकर वावर! रंगाचे कण या वावरात जाऊन बसतात. विरघळत नाहीत, कोळशाच्या अंगाला चिकटतात. पण ते नष्टही होत नाहीत. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

कोणी विचारील, आंबेडकरी दैनिकाच्या या पानावर कोळसा आणि रंग कशाला? चळवळीची माणसे पाण्याकडे पाठ कशी फिरवतील? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात रिकाम्या करून ‘शुद्धीकरण’ केले. म्हणजे तळ्यात शेण ओतून त्यांनी तळे शुद्ध केले! पाणी कशाने बाटते आणि कशाने शुद्ध होते हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हा सवाल त्या दिवशी उभा राहिला. तो आज नद्यांच्या काठी उभा आहे. फरक एवढाच की आता घागरीच्या जागी टक्केवारीचा आकडा आला आहे, आणि आकड्याला आम्ही मानतो. म्हणूनच आकडा कसा काढला हे विचारण्याचा हक्कही आम्ही सोडत नाही.

आधी रंगाचे बघू. सुती कापड रंगवायला आज प्रामुख्याने रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. टाकीत टाकलेला सगळा रंग धाग्याला धरत नाही. चांगल्यापैकी हिस्सा पाण्याबरोबर बाहेर पडतो. रंग धाग्याला धरावा म्हणून टाकीत मीठ घालतात. तेही थोडेथोडके नाही, एका लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅमपासून पुढे. सोबत सोडा, साबण, खळ काढल्याचा चिकटा. हे सगळे एका पाण्यात. माणसाच्या डोळ्याला लिटरमागे एखादा मिलिग्रॅम रंगसुद्धा दिसतो. त्यामुळे नदी रंगली की आरडाओरडा होतो. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत तिथलाच एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी पाहणी केली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या परिसरातली कुत्री निळी झाली. त्या निळ्या कुत्र्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एका कारखान्यावर कारवाई करावी लागली. कासाडीच्या काठची माणसे त्याआधीपासून तक्रारी करत होती. माणसांच्या तक्रारीने जे झाले नाही ते कुत्र्याच्या रंगाने झाले. यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

रंगाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा इतिहास तर याहून काळा आहे. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन या शल्यविशारदाने अॅनिलिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे मांडले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९० च्या दशकात, जर्मनीने कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या अॅझो रंगांच्या कापडावर बंदी आणली. मग भारताचा माल अडू लागला तेव्हा आपल्या सरकारनेही १९९७ मध्ये अशा अनेक रंगांवर बंदी घातली. आधी गिऱ्हाइकाच्या कातडीचा विचार झाला, टाकीत हात बुडवणाऱ्याच्या कातडीचा नंतर.

हा धंदा जातीपासून कधी सुटा नव्हताच. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, संकटकाळी वैश्याच्या धंद्यावर जगावे लागले तरी ब्राह्मणाने काय काय विकू नये याची यादी आहे. तीत नीळ आणि लाख आहेत. रंग अंगावर घालायचा, पण रंगाला हात लावणारा खालचा! कापडाला नीळ देणारे निराळी, रंग देणारे रंगारी, धुणारे परीट, सगळे आपापल्या पायरीवर उभे. मुंबईत गिरण्या आल्या तेव्हा वाटले यंत्र तरी जात बघणार नाही. पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त होता तिथे, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होईल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला होता. आमच्या झेंड्याचा निळा रंग आम्हाला प्रिय आहे. त्या निळीच्या टाकीत कोण उभा आहे हेही म्हणून आम्ही बघतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. दारव्हा तालुक्यातले अडाण नदीकाठचे बोरी अरब घ्या. चहूबाजूंनी कापूस, तूर, सोयाबीन. याच कापसासाठी इंग्रजांच्या काळात दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतलेची छोटी रेल्वे टाकली गेली. कापूस गेला, नफाही गेला, आणि आता तर गाडीही बंद पडली. शंभर-सव्वाशे वर्षे वऱ्हाडाने कापूस पिकवला आणि तो रंगला दुसरीकडे. त्यामुळे रंगाच्या पाण्याचा त्रास आपल्या वाट्याला फारसा आला नाही. हे चित्र बदलते आहे. यवतमाळजवळ लोहाऱ्याला १९९० च्या दशकात डेनिमची गिरणी उभी राहिली. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत वस्त्रोद्योग आले. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी अमरावतीच्या एक हजार एकरांवरील पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. कापूस ज्या मातीत पिकतो तिथेच त्याचे कापड व्हावे, ही मागणी विदर्भाची जुनीच आहे. आमच्या पोरांना काम मिळावे ही आमचीही मागणी आहे. पण कापड आले की रंग येतो आणि रंग आला की रंगाचे पाणी येते. म्हणून रसायनशास्त्राच्या खोलीतला तो प्रयोग आता निबंधापुरता राहणार नाही. उद्या कोणीतरी उठून म्हणेल, तुमच्याच पऱ्हाटीचा कोळसा करू आणि तुमचेच पाणी साफ करू. ऐकायला छान वाटेल. तेव्हा काय विचारायचे, ते आजच ठरवले पाहिजे.

पहिला सवाल ‘कचरा’ या शब्दावर. पऱ्हाटीला कचरा कोण म्हणते? डिसेंबर-जानेवारीत वेचणी संपली की मजूर चिमट्याने पऱ्हाटी उपटतात. ज्याच्याकडे वावर आहे त्याच्यासाठी ती अडगळ आहे. बोंडअळी तिच्यात दबा धरून बसते, म्हणून कृषी खातेही सांगते की लवकर शेत मोकळे करा. पण ज्याच्याकडे वावर नाही त्याच्यासाठी ती वर्षाचे सरपण आहे. बोरी अरब असो की विदर्भातले कुठलेही गाव, बौद्ध वाड्यात, मांगवाड्यात, पारध्यांच्या बेड्यावर जाऊन बघा. घराच्या भिंतीला, कुडाच्या आडोशाला पऱ्हाटीच्या मोळ्या रचलेल्या असतात. बाया डोक्यावर वाहून आणतात. उपटण्याच्या मजुरीत पऱ्हाटी धरलेली असते, म्हणजे पैसे कमी आणि वर मोळी. तिच्यावर भाकर भाजते, अंघोळीचे पाणी तापते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरात सिलिंडर आला. तो दुसऱ्यांदा भरून आणायला पैसे लागतात हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, असे घर कोणत्याही वस्तीत सापडेल.

तेव्हा शोधनिबंधात ‘शून्य किमतीचा शेतीतला कचरा’ असे लिहिले जाते, त्यात एक किंमत धरलेलीच नसते. ती त्या बाईच्या डोक्यावरची मोळी असते.

थोडा हिशेब करू. हिशेब आमचा आहे, अंदाजाचा आहे, पण कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. रोज दहा लाख लिटर रंगाचे पाणी सोडणारा एक मध्यम कारखाना धरा. लिटरमागे फक्त एक ग्रॅम कार्बन लागतो असे धरा. प्रयोगशाळेत बहुधा याहून जास्तच लागतो. म्हणजे रोज एक हजार किलो कार्बन. शंभर किलो पऱ्हाटीतून भाजून, अॅक्टिव्हेट करून, धुऊन शेवटी वीस किलो हाती आला तर रोज पाच टन पऱ्हाटी लागेल. एकराला साधारण टनभर पऱ्हाटी निघते. रोज पाच एकर, वर्षाला अठराशेहून अधिक एकर, एका कारखान्याला. देशात दरवर्षी सुमारे तीन कोटी टन पऱ्हाटी निघते असा अंदाज सांगितला जातो, त्यामुळे ती कमी पडेल असे नाही. खरे सांगायचे तर आज पुष्कळ शेतकरी ती बांधावर जाळूनच टाकतात. ट्रॅक्टरवाला मोठा शेतकरी यंत्राने बारीक करून मातीत मिसळतो. पण गाव सोडून तीस-चाळीस कोसांवरून ती कोणी आणणार नाही. भाडे परवडत नाही. जवळच्याच गावांतून उचलली जाईल आणि मालक ती वजनावर विकेल. तेव्हा मजुरीतली मोळी पहिल्यांदा बंद होईल.

नारळाच्या करवंटीचे असेच झाले आहे. बाजारातला पुष्कळसा चांगला अॅक्टिव्हेटेड कार्बन करवंटीपासून होतो. केरळ-तमिळनाडूतून तो परदेशी जातो. करवंटीसुद्धा एकेकाळी चुलीत घालण्याची वस्तू होती. कारखाने आले, करवंटीला भाव आला आणि ती तोलून विकली जाऊ लागली. यात वाईट काही नाही. भाव यावाच. आमचे म्हणणे इतकेच की पऱ्हाटीला भाव येईल तेव्हा तो उपटणाऱ्याच्या आणि वाहणाऱ्याच्या हातातही पडला पाहिजे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, १९२४ साली सुरू झालेल्या आणि आज सिरकॉट नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे. तंत्राची वाण नाही. पऱ्हाटी गोळा करणाऱ्या बायांचे बचत गट, त्यांच्या नावावर तोलाची पावती आणि मोळीच्या बदल्यात चुलीला दुसरे इंधन, याची मात्र कोणत्याही निबंधात ओळ नाही. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हे का लिहावे, असे कोणी म्हणेल. मग त्याने ‘कमी खर्चाचा’ हा शब्दही लिहू नये. खर्च कुणाचा हे माहीत नसताना तो कमी आहे हे कसे कळले?

दुसरा सवाल पाण्याचा. प्रयोगशाळेतले निळे पाणी हे बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात विरघळवलेले मेथिलीन ब्लू असते. हा रंग प्रयोगाला सोयीचा आहे. गडद आहे, यंत्रावर चटकन मोजता येतो आणि त्याच्या कणांवर धन भार असल्यामुळे बऱ्याच वनस्पतींच्या कोळशाला तो सहज चिकटतो. कापसाच्या गिरणीतून बाहेर पडणारे रिअॅक्टिव्ह रंग ऋण भाराचे आणि मोठ्या कणांचे असतात. त्यांच्यासाठी छिद्रे वेगळ्या मापाची लागतात. डेनिमची नीळ तर पाण्यात विरघळतच नाही, गाळासारखी तरंगत असते; ती आधी तुरटीसारख्या पदार्थाने खाली बसवावी लागते. म्हणजे मेथिलीन ब्लूवर पंच्याण्णव टक्के मिळवलेला कोळसा गिरणीच्या पाण्यात काय करील, हे त्या पाण्यातच बघावे लागेल. नळाखाली पास झालेला गडी पुरात पोहेलच असे नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मिठाची आहे. मीठ कोळशाला चिकटत नाही. रंग निघून गेला, पाणी आरशासारखे झाले, तरी लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ त्यात तसेच असते. ते पाणी नदीत आले आणि नदीतून वावरात गेले तर जमीन पांढरी पडते. तमिळनाडूत तिरुप्पूरला हेच झाले. नोय्यल नदी आणि तिच्यावरचे ओरत्तुपाळयम धरण रंगकारखान्यांच्या पाण्याने नासले, खालच्या शेतकऱ्यांची शेती गेली आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले की सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत कारखाने बंद ठेवा. तिथे भांडण नुसत्या रंगाचे नव्हते, मिठाचेही होते.

रंग हा गरिबाचा साक्षीदार आहे. अडाणचे असो की पेढीचे, नदीचे पाणी रंगले तर निरक्षर म्हातारीही बोट दाखवून सांगू शकते की बघा, काहीतरी सोडले आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, वकील लागत नाही. मीठ, जड धातू, अमाइन यांना रंग नसतो. तेव्हा फक्त रंग काढून बाकी सगळे तसेच सोडण्याची जी स्वस्त युक्ती आहे, तिने पाणी साफ होत नाही; साक्षीदार तेवढा गायब होतो. आम्ही कोळशाच्या विरोधात नाही. आधी गाळ बसवणे, मग जिवाणूंची प्रक्रिया आणि शेवटची सफाई म्हणून कार्बन, ही त्याची योग्य जागा आहे आणि त्या जागी तो उत्तम काम करतो. सुरुवातीला आणि शेवटीही तोच, असे कोणी सांगू लागला तर सावध व्हावे.

तिसरा सवाल आम्ही मघाशी राखून ठेवला होता. रंग नष्ट होत नाही, चिकटतो. मग रंग प्यायलेला तो कोळसा जातो कुठे? निबंध इथे संपलेला असतो. बाटली धुतली, गाळणकागद टोपलीत टाकला, काम झाले. कारखान्यात मात्र रोज एक टन भिजलेला, विषारी काळा चिखल तयार होतो. तो भट्टीत आठशे-नऊशे अंशांवर पुन्हा तापवून वापरता येतो, पण भट्टीला पैसा लागतो आणि दर खेपेला काही कोळसा जळून जातो. स्वस्त कोळसा असेल तर मालक म्हणेल, कशाला तापवता, टाकून द्या आणि नवा आणा. म्हणजे कोळसा जितका स्वस्त तितका काळा चिखल जास्त! २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेला कार्बन यादीत आहे. तो अधिकृत केंद्रातच गेला पाहिजे. विदर्भासाठी असे केंद्र बुटीबोरीला आहे. तिथे पाठवायला वजनावर पैसे मोजावे लागतात. पैसे वाचवायचे असतील तर रात्रीचा ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टर कुठे रिकामा होतो? गावकुसाबाहेरच्या खदानीत, नाल्यात, ई-क्लास जमिनीवर. आणि गावकुसाबाहेर कोण राहते हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. काळा कोळसा दिसला की पोरे तो इंधन म्हणून घरी आणतील. आईने चुलीत टाकला की चिकटलेले सगळे धुरातून तिच्या छातीत. मोळी गेली आणि तिच्या जागी हे आले, असे व्हायला वेळ लागणार नाही.

त्या टाक्या धुणार कोण, हाही याच्यातलाच भाग. सांडपाण्याच्या टाकीत उतरून कामगार गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. नावे वाचली की जात कळते. २०१३ चा कायदा आहे, त्यात गटार आणि सेप्टिक टँक यांची नावे आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसाला दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. कारखान्याच्या प्रक्रिया टाकीत मेलेल्याच्या वेळी पहिला वाद हाच होतो की ही टाकी त्या कायद्यात बसते का. प्रेत बाहेर, वाद आत.

आमचा संताप महाविद्यालयांवर नाही, हे पुन्हा सांगतो. त्या प्रयोगशाळांत आज आमचीच मुले-मुली आहेत. २००५ पासून अनुसूचित जातींच्या संशोधकांना राजीव गांधी फेलोशिप मिळू लागली (आज तिचे नाव बदलले आहे), पुढे बार्टीची आली. निंदणाला जाणाऱ्या आईची मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, हे बाबासाहेबांच्या शब्दाला आलेले फळ आहे. पण २०१० मध्ये यूजीसीने गुणांची पद्धत आणली आणि निबंध मोजले जाऊ लागले. कोणता रंग, कोणती साल एवढे बदलायचे की नवा निबंध. मार्गदर्शक सांगतो, मेथिलीन ब्लू घे, वर्षात काम आटपेल. मुलीला माहीत असते की घरी पऱ्हाटीला कचरा म्हणत नाहीत. तिच्या प्रबंधात मात्र ते ज्ञान येत नाही, कारण ते ‘शास्त्रीय’ नाही. आम्ही म्हणतो, यावे. तिच्या इतके हे कोणाला माहीत आहे? सरपणाचा हिशेब हा त्या प्रबंधाचा पहिला तक्ता असला पाहिजे आणि वापरलेल्या कोळशाचा ठावठिकाणा हा शेवटचा.

यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. गाडगेबाबा परीट समाजात जन्मले. दुसऱ्याच्या कपड्यांचा मळ नदीवर नेऊन काढणाऱ्या समाजातला हा माणूस गावोगाव खराटा घेऊन फिरला, लोकांना शिक म्हणाला आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी प्राण सोडला. त्या नावाच्या विद्यापीठात रंगाच्या सांडपाण्यावर जे संशोधन होईल, त्यात खऱ्या गिरणीचे पाणी, खऱ्या नदीचे पाणी असायला काय हरकत आहे? प्रबंधाचा चार पानी सारांश मराठीत काढून ग्रामपंचायतीत लावायला किती खर्च येतो? विद्यार्थी संघटनांनी कुलगुरूंना भेटून एवढे तरी मागावे. हवामान, माती, पीक आपले आणि निष्कर्ष मात्र आपल्याला न वाचता येणारे, हे किती दिवस चालवायचे?

यवतमाळची आणखी एक गरज आहे. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. त्यांत दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारणारे होते. पोटात विष गेलेल्या रुग्णाला दवाखान्यात पाजतात तो काळा द्रव अॅक्टिव्हेटेड कार्बनचाच असतो; पाण्यातली कित्येक कीटकनाशकेही कार्बनला चिकटतात. फवारणीच्या गावांतल्या विहिरींचे पाणी तपासणे आणि पऱ्हाटीच्या कोळशाची गाळणी तिथे चालते का हे बघणे, हा विषय अमरावती-यवतमाळच्या संशोधकाने घ्यावा. रंगापेक्षा तो आम्हाला जवळचा वाटतो. मेथिलीन ब्लूचे निबंध जगात हजारांनी आहेत, एखादा कमी झाला तरी विज्ञानाचे बिघडणार नाही.

कार्यकर्त्यांसाठी शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या भागात रंगाई-धुलाईच्या एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर नुसत्या घोषणा देऊन परत येऊ नका. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करून द्यावा लागतो. तो आधी मिळवा. त्यात मिठाचा आकडा आहे का ते बघा. कोळसा कशाचा, कुठून येणार आणि वापरल्यावर रोज किती किलो कुठे जाणार ही ओळ शोधा. टाक्या यंत्राने साफ होणार की माणसाने, हे विचारा. ओळ सापडली नाही तर हरकत लेखी द्या, दोन प्रती करा, एका प्रतीवर पोच घ्या, आणि पोचेवरचा शिक्का व तारीख नीट उमटली आहे का, हे त्या टेबलापासून हलण्यापूर्वीच वाचून बघा.